वस्तू पाहा, मग तिची माती पाहा: महाराष्ट्रातली छोटी संग्रहालयं गाडीने फिरताना

धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी एक सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. तिथल्या काचेच्या पेट्यांत शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, रंगीत मणी, भाजलेल्या मातीच्या मूर्ती मांडल्या आहेत. संग्रहालयातून बाहेर पडून गावात फिरलात की ज्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांतून या वस्तू निघाल्या ती टेकाडं समोर येतात. मोठ्या शहरातल्या संग्रहालयात हे होत नाही. तिथे वस्तू कुठून तरी लांबून आलेली असते आणि तिचं गाव पाटीवरच्या एका ओळीत उरतं. छोट्या गावात वस्तू आणि तिची माती यांच्यात पायी जाण्याइतकंच अंतर असतं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच: वस्तू पाहा, आणि ती जिथली आहे ती जागाही त्याच दिवशी पाहा. पुढचे सगळे सल्ले यातूनच आलेले आहेत.

गड, समुद्र आणि देवदर्शन यापलीकडे गाडी काढून पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

आधी पट्टा ठरवा

नवखा माणूस ठिकाणांची यादी करतो आणि ती दिवसात बसवायला बघतो. तसं करू नका. एक पट्टा निवडा, त्यात एक मुख्य ठिकाण धरा आणि त्याच्या आसपास तासाभरात काय आहे ते शोधा. दिवसाला एक संग्रहालय, एक उघड्यावरची जागा आणि वाटेत दिसेल ते, एवढं पुरतं. यापेक्षा जास्त कोंबलंत तर प्रत्येक ठिकाणी घड्याळ बघत उभे राहाल.

सातारा–सांगलीचा पट्टा सुरुवातीला उत्तम. साताऱ्याच्या अलीकडे महामार्ग सोडून लिंब गावात गेलात की बारा मोटेची विहीर आहे. छत्रपती शाहूंच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. तिच्यावरच्या शिलालेखात शके १६४१ ते १६४६ असा काळ दिला आहे, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४. एकाच वेळी बारा मोटा चालतील एवढा तिचा पसारा, आणि विहिरीच्या पोटातच बांधलेला छोटा महाल. तिथून खटाव तालुक्यातलं औंध गाठा. यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांनी जमवलेला संग्रह १९३८ मध्ये या इमारतीत लोकांसाठी खुला झाला. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं इथे आहेत, आणि जगभरच्या मोठ्या कलादालनांत ज्याची शिल्पं असतात त्या हेन्री मूरचं दगडी शिल्पही इथे, एका लहान गावातल्या टेकडीवर आहे.

औंधहून दक्षिणेला दीड तासाच्या अंतरात सागरेश्वर अभयारण्य आणि देवराष्ट्रे गाव लागतं. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं आजोळ आणि जन्मगाव (१२ मार्च १९१३). शेजारीच कुंडल आणि किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये कारखान्यासाठी इथली माळरानाची जमीन दिली ती याच भवानरावांनी. औंधच्या टेकडीवर पाहिलेला संग्रह ज्याच्या आवडीतून उभा राहिला, त्याच माणसाच्या निर्णयातून एक औद्योगिक वसाहतही उभी राहिली. दोन्ही जागा लागोपाठ पाहिल्या की त्या माणसाचा आवाका लक्षात येतो. दोन दिवस ठेवा, घाई होणार नाही.

विदर्भातून निघणाऱ्यांना वर्धा सगळ्यात सोपं. वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालं. चरखे, हातमाग, तेलघाण्या, ग्रामोद्योगाची अवजारं, सगळं कामाचं सामान. ते पाहून सेवाग्रामला बापू कुटीत जा. मग धाम नदीकाठी पवनारला विनोबांच्या आश्रमात. तिथल्या शेतात खणताना निघालेली वाकाटककाळातली शिल्पं आश्रमातच लावलेली आहेत. शिल्प, शेत आणि नदी एका नजरेत येतात. तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून दहा-एक किलोमीटरच्या आत, त्यामुळे लहान मुलं बरोबर असली तरी दिवस जमतो.

दगडांची आवड असेल तर सिन्नर. गारगोटी संग्रहालयात झिओलाइट गटातल्या खनिजांचे स्फटिक आहेत: पांढरे, गुलाबी, हिरवे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे खनिजं विरघळलेल्या गरम पाण्याने त्या पोकळ्यांत हे स्फटिक घडले. विहिरी खणताना आणि खाणीत सुरुंग लावताना ते सापडतात. त्यानंतर गावातच यादवकालीन गोंदेश्वराचं पंचायतन मंदिर आहे, याच काळ्या कातळाच्या दगडात कोरलेलं. आणि घाटातून परतताना रस्त्यासाठी कापलेल्या कड्याकडे बघा. पांढरे ठिपके दिसले तर त्या पोकळ्या तुम्हाला आता ओळखता येतील. पण गाडी थांबवून कड्याखाली उभं राहू नका. घाटात दरड कधीही येते.

कोकणात रत्नागिरीचा थिबा राजवाडा मात्र या सगळ्याच्या उलट टोकाला आहे. ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून इथे आणून ठेवलं. हा वाडा १९१० मध्ये पुरा झाला आणि १९१६ मध्ये राजा वारला. इथे पाहायची ती माती त्याची नव्हतीच. तरीही आतल्या वस्तू पाहून बाहेर या, खाडीकडे उघडणारा देखावा पाहा, आणि मग गावात त्याच्या समाधीपर्यंत जा. हद्दपारी म्हणजे काय हे त्या दोन जागांमधल्या अंतरात कळतं. तिथून उत्तरेला मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे आणि शेजारी गणपतीपुळ्याला ‘प्राचीन कोकण’ हे उघड्यावरचं संग्रहालय.

वार, वेळ आणि नकाशा

राज्य सरकारची बहुतेक वस्तुसंग्रहालयं सोमवारी बंद असतात. केंद्रीय पुरातत्त्व खात्याची स्थळ-संग्रहालयं साधारणपणे शुक्रवारी बंद. अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी घेणाऱ्यांचा यामुळे हमखास घोळ होतो; जोडायचीच असेल तर शुक्रवारची घ्या आणि राज्य सरकारची संग्रहालयं शुक्रवार-शनिवारात उरका. खाजगी ट्रस्टची संग्रहालयं आपापले वार पाळतात. जेवणाच्या सुट्टीत दार बंद असणं अगदी सामान्य आहे, त्यामुळे दुपारी एक ते अडीचमध्ये पोचू नका. सकाळी उघडल्याबरोबर पोचणं सगळ्यात चांगलं: गर्दी नसते, राखणदार ताजातवाना असतो, आणि बोलायला त्याला वेळ असतो.

नकाशात दिलेली वेळ खरी धरू नका. आदल्या दिवशी फोन करा. फोन लागला नाही तर त्या गावातल्या ग्रामपंचायतीत किंवा जवळच्या हॉटेलात विचारा, “संग्रहालय उघडं असतं का हो हल्ली?” या प्रश्नाला गावकरी बहुधा नेमकं उत्तर देतात. दुरुस्तीसाठी महिनोन्‌महिने बंद असलेली ठिकाणं नकाशावर उघडी दिसत राहतात.

नावाचा गोंधळ टाळा. नुसतं ‘औंध’ शोधलंत तर नकाशा पुण्यातलं उपनगर दाखवील, आणि हिंगोलीकडचं औंढा नागनाथ त्यात मिसळेल ते वेगळंच. ‘औंध, खटाव, सातारा’ असं तालुका-जिल्ह्यासकट शोधा. ही सवय सगळ्याच गावांसाठी लावून घ्या. महाराष्ट्रात एकाच नावाची गावं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. आणि निघण्याआधी त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण तेर, लोणार, पारनेर अशा बाजूंना आतल्या रस्त्यांवर फोनला रेंज जाते.

गावाचा आठवडी बाजार कधी असतो तेही विचारा. बाजाराच्या दिवशी मुख्य रस्ता दुपारपर्यंत भरलेला असतो, गाडी लावायला जागा मिळत नाही. यात्रेच्या दिवसांत तर टेकडीवरच्या संग्रहालयापर्यंत पोचणंच कठीण. मात्र बाजार पाहायचाच असेल तर तोच दिवस निवडा, फक्त गाडी गावाबाहेर लावा.

ऋतूबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात काही घाटवाटा बंद असतात, वरंध घाटासारखे रस्ते तर बऱ्याचदा महिनेच्या महिने. उन्हाळ्यात मराठवाडा-विदर्भात दुपारी उघड्यावर काहीही पाहणं अंगाला झेपत नाही. हिवाळ्यातली एक अडचण मात्र लक्षात ठेवा. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात तेव्हा उसाचा हंगाम असतो. अंधार पडल्यावर दिवे नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचा, हा नियम मोडू नका. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३, आणि कुठेही अडचण आली तर ११२.

दारात पोचल्यावर

छोट्या संग्रहालयात दाराशी बहुतेकदा एकच माणूस असतो. तोच तिकीट देतो, तोच दिवे लावतो, तोच वस्तूंवर नजर ठेवतो. त्याला शिपाई समजून बाजूने निघून जाऊ नका. नमस्कार करा, आपण कुठून आलो ते सांगा, वहीत नाव लिहा. ही वही महत्त्वाची आहे: किती माणसं आली याचा त्या जागेपाशी असलेला हिशेब बहुधा एवढाच. घरच्या प्रत्येकाचं नाव लिहा, मुलांचंही. शेरा लिहायची जागा असेल तर “छान” लिहून सोडू नका. कुठली वस्तू आवडली ते लिहा.

मग विचारा. वयाने मोठे असतील तर काका किंवा मावशी, बरोबरीचे असतील तर दादा, ताई. “माहिती सांगाल का?” असं मोघम विचारलं की पाठ केलेली चार वाक्यं ऐकायला मिळतात. नेमकं विचारा:

“काका, यातलं तुमच्या गावात सापडलेलं कुठलं?”

“कुठे सापडलं? ती जागा आता बघता येईल का?”

“तुम्हाला स्वतःला यातलं काय आवडतं?”

तिसरा प्रश्न जरूर विचारा. वर्षानुवर्षं त्या खोलीत बसलेल्या माणसाची नजर तुमच्या पुढे असते. कोपऱ्यातली, धूळ बसलेली, पाटी नसलेली वस्तू तो दाखवतो, आणि ती वस्तू कुठल्याच माहितीपत्रकात नसते. काही जण बोलत नाहीत, तेही ठीक आहे. आग्रह करू नका.

फोटो काढायच्या आधी परवानगी घ्या. परवानगी असली तरी फ्लॅश बंद ठेवा. जुने रंग आणि कागद यांना तीव्र प्रकाश सोसत नाही. काचेवर हात टेकू नका, मूर्ती उघडी असली तरी हात लावू नका. दिवे बंद असतील तर लावायला सांगा, आणि त्या दालनातून निघताना आपलं झालं म्हणून सांगा म्हणजे ते बंद करता येतील.

आत काय पाहायचं

एकदा सगळीकडून झरझर फिरून या, कुठेही न थांबता. मग मागे फिरून तीनच पेट्या निवडा आणि त्यांच्यापुढे वेळ घालवा. सगळं पाहिलं पाहिजे हा हट्ट सोडला की दिसायला लागतं.

पाट्यांवर कधी इसवी सन असतो, कधी शके. शक वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो. लिंबच्या विहिरीचे शके १६४१ म्हणजे १७१९, ते असेच. ‘सातवाहन’ असं लिहिलेलं असेल तर साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा काळ धरा, ‘वाकाटक’ असेल तर सुमारे दीड हजार, ‘यादव’ असेल तर आठशेच्या आसपास. एवढे तीन खुंट मनात रोवलेत की बाकीच्या वस्तू त्यांच्या मागेपुढे लावता येतात.

पाटी तोकडी असेल तेव्हा तीन गोष्टी स्वतःला विचारा. ही कशाची आहे? कुणी वापरली असेल? हा कच्चा माल इथे मिळतो का? तिसऱ्या प्रश्नाने छोटं गाव एकदम मोठं होतं. तेरलाच पाहा. शंख समुद्रातला, आणि तेर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. म्हणजे कुणीतरी तो वाहून आणला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर असल्याचं म्हटलं आहे, आणि तिथला माल भडोचच्या बंदराकडे जात असल्याचंही. ते तगर म्हणजे हे तेर. इथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना इटलीतल्या पाँपेईला सापडलेल्या मूर्तीशी केली जाते, आणि पाँपेई तर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीत उत्खनन झालं तेव्हा पोसायडन या सागरदेवतेची छोटी कांस्यमूर्ती निघाली, ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयाच्या संग्रहात आहे. हे दोन्ही पाहिलं की आपल्या घाटवाटांनी केवढी ये-जा होत असे याची कल्पना येते. पैठण ते तेर हे दहा दिवसांचं अंतर आज गाडीने अर्ध्या दिवसात कापता येतं. पैठणच्या बाळासाहेब पाटील वस्तुसंग्रहालयापासून निघून तेरला मुक्कामाच्या वेळेत पोचणं, हा मला मराठवाड्यातला सगळ्यात अर्थपूर्ण रस्ता वाटतो.

तेरचा संग्रह मुळात रामलिंगप्पा लामतुरे या गावातल्याच माणसाने आयुष्यभर जमवलेला. संग्रहालयाला त्यांचं नाव आहे. एका गावकऱ्याने आपल्या पायाखालच्या मातीकडे लक्ष दिलं नसतं तर यातलं किती हातात राहिलं असतं, हा विचार तिथे उभं राहिल्यावर मनातून जात नाही.

मुलं बरोबर असतील तर त्यांना पेन्सिल आणि कोरी वही द्या आणि एक वस्तू निवडून तिचं चित्र काढायला सांगा. फोटो काढणाऱ्या मुलापेक्षा चित्र काढणारं मूल त्या वस्तूपुढे जास्त वेळ उभं राहतं. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाचं सिद्धगिरी संग्रहालय मुलांसाठी खास चांगलं: बारा बलुतेदार, शेतीची कामं, जुनं गाव, सगळं माणसाच्या आकाराच्या पुतळ्यांतून उभं केलंय. तिथे चालणं बरंच आहे, आजी-आजोबांना सकाळच्या वेळीच न्या.

बाहेर पडा आणि जमिनीवर या

संग्रहालयातून निघालात की लगेच गाडीत बसू नका. काकांनी सांगितलेली जागा गाठा. तेरला टेकाडांबरोबर त्रिविक्रमाचं मंदिर पाहा. विटांचं बांधकाम, मागची बाजू गोलाकार, गजपृष्ठ. मूळचं ते बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनागृह, असावं असं अनेक अभ्यासक मानतात. तेर हे संत गोरा कुंभारांचंही गाव. दोन हजार वर्षांपूर्वीची भाजलेली माती सकाळी पाहून संध्याकाळी गोरोबाकाकांच्या देवळात जाणं, हे एकाच गावात घडतं.

टेकाडावर खापरं पडलेली दिसतील. पाहा, पण उचलून खिशात टाकू नका. जागेवरून हललेलं खापर मुकं होतं. ते कुठल्या थरात, कशाशेजारी होतं यावरूनच अभ्यासकांना काळ ठरवता येतो. शिवाय जमिनीत सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो असा १८७८ चा कायदा आहे, आणि पुरावस्तूंच्या व्यवहारावर १९७२ च्या कायद्याची बंधनं आहेत. कुणी “जुनं नाणं आहे, घेता का?” म्हणून पुढे आलं तर नम्रपणे नाही म्हणा. नाणी पाहायचीच असतील तर नाशिक–त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, तिथे शिकून घ्या.

रस्त्याकडेला जे उभं आहे

याला तिकीट नसतं, वेळ नसते, पाटीही नसते. गावाच्या वेशीवर, मारुतीच्या पाराखाली, देवळाच्या आवारात ओळीने उभे केलेले कोरीव दगड दिसले की गाडी हळू करा. ते बहुधा वीरगळ असतात. वाचायची रीत खालून वर. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई, किंवा गुरं पळवणाऱ्यांशी झुंज, आणि आडवा पडलेला वीर. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य: ते आहेत तोवर याची कीर्ती राहो. गुरं कोरलेली असतील तर तो माणूस गावाची जनावरं वाचवताना मेला. राजाचं नाव कुठे नसतं, पण त्या गावाने आपल्या माणसासाठी दगड उभा केला.

कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा. गाढवाची आकृती असेल तर गधेगाळ: दिलेलं दान जो मोडेल त्याला घातलेली शपथ. अलिबागजवळ आक्षीला रस्त्याच्या कडेला असा शिलालेख आहे. त्यावरचा शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या ज्ञात लेखांत त्याची गणना होते.

अक्षरं पुसट असतील तर खडू, पीठ, रंग, पाणी काहीही लावू नका. फोनचा दिवा दगडाच्या एका बाजूने, अगदी जमिनीशी समांतर धरा. सावली पडते आणि अक्षर उठतं. शेंदूर लावलेला असेल तर तो खरवडू नका, तिथे कुणाची तरी रोजची पूजा आहे. चपला काढायच्या की नाही हे आजूबाजूच्यांना पाहून ठरवा.

कोकणातल्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरची, कातळशिल्पंही याच रीतीने पाहावी. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी ही त्यांतली ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत आहेत. डोक्यावर ऊन असताना चित्र दिसतच नाही, नुसता जांभा दिसतो. सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर जा. कशेळीचा हत्ती इतका मोठा आहे की जवळ उभं राहून कळत नाही, थोडं लांब आणि उंचावर जावं लागतं. रेषांवर पाय देऊ नका. बऱ्याच जागा खाजगी जमिनीत आहेत, आधी विचारून आत जा, आणि गावातलाच कुणी वाटाड्या घेतला तर त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या.

निसर्गाने कोरलेलंही रस्त्याकडेलाच आहे. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. प्रवाहात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी कातळ पोखरून केलेले. पाणी कमी असताना, हिवाळ्यात-उन्हाळ्यात जा. खळग्याच्या काठावर उभं राहून फोटो काढू नका; कडा गुळगुळीत आणि आत पाणी खोल असतं. लोणारचं सरोवर उल्कापाताने बेसॉल्टमध्ये झालेलं विवर आहे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, आणि २०२० पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहे. काठावरून पाहून परत फिरणारे खूप. तासभर काढून दैत्यसूदनाचं मंदिरही पाहा, ते गावातच आहे आणि त्याचं शिल्पकाम थांबून पाहण्यासारखं आहे.

उद्यानं आणि छोटी अभयारण्यं

इथे थोडक्यात सांगतो, कारण नियम एकच: उजाडताना पोचा. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी काळविटांसाठी, बारामतीकडचं सुपे चिंकारांसाठी. दोन्ही इतकी लहान की दोन तासांत पाहून होतात. सागरेश्वर वेगळं आहे. उघड्या बोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने माणसांनी उभं केलेलं, सुमारे अकरा चौरस किलोमीटरचं जंगल. सांबर आणि चितळ दिसले नाहीत तरी ती झाडं पाहायला जा. भडक कपडे नकोत, गाडीत गाणी नकोत, आणि खाण्याचं काहीही बाहेर टाकायचं नाही. पैठणला नाथसागरावर हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात. दुर्बीण असेल तर बरोबर घ्या.

गाडीत काय असावं

पाणी, विजेरी, टोपी, सुट्टे पैसे (बऱ्याच ठिकाणी तिकिटाला मोबाइलवरून पैसे घेत नाहीत), वही, आणि पटकन काढता-घालता येतील अशा चपला. स्वच्छतागृहाची सोय छोट्या संग्रहालयांत असेलच असं नाही, आणि असली तरी चालू असेलच असं नाही. विशेषतः बायकांनी आणि लहान मुलांनी महामार्गावरच्या पेट्रोलपंपावर किंवा बऱ्याशा हॉटेलात थांबूनच आतल्या रस्त्याला वळावं. टाकीही तिथेच भरा. गाडी लावताना शेताचा बांध, खळ्याची वाट किंवा पाणंद अडवू नका. ट्रॅक्टर यायचा असतो.

जेवण गावातच घ्या. आदल्या दिवशी फोन करताना विचारून ठेवलंत तर बरेचदा कुणीतरी घरगुती जेवण करून देतं.

घरी आल्यावर

संग्रहालयाची पुस्तिका मिळत असेल तर विकत घ्या. स्थानिक अभ्यासकांनी लिहिलेलं असं बरंचसं दुसरीकडे मिळत नाही. ज्या दिवशी गेलात त्या दिवशीची खरी वेळ, बंद वार, जेवणाची सुट्टी आणि रस्त्याची अवस्था नकाशावर नोंदवा, तालुक्याचं नाव घालून. फोटो टाकताना वस्तूबरोबर पाटीचाही टाका. मात्र उघड्यावर पडलेल्या मूर्तीचं किंवा वीरगळाचं नेमकं ठिकाण जाहीर करू नका, चोरीचं भय खरं आहे. एखादा दगड फुटलेला, उखडलेला किंवा रस्त्याच्या कामात गाडला जाताना दिसला तर फोटो, गावाचं नाव आणि तारीख यांसह ग्रामपंचायतीला आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला लेखी कळवा. फोनवर सांगून थांबू नका. कागदावर आलेल्या गोष्टीला आवक क्रमांक पडतो आणि पुढे विचारणा करता येते.